पिकअपचा क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टचा सांधा) घरी ग्रीस करता येतो का?

सांगलीजवळ ऊस-हळदीची शेती आहे. पिकअपचा क्लच सोडला की खालून 'टक्क' आवाज येतो. पावसाळाभर पाणंदीतल्या पाण्यातनं काढलीय गाडी. ट्रॅक्टरची ग्रीस गन चालेल?

— चालेल की भावा. चाकांना दगड लाव. निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी फडक्यानं पूस, नाहीतर माती आत जाते. क्रॉसच्या चार टोकांवरच्या चारही कपांतनं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत हळू दाब.

— आधी शाफ्ट हातानं हलवून बघा. कपापाशी तांबूस भुकटी (गंज) दिसली तर ग्रीस वाया, क्रॉसच बदला. शाफ्ट उतरवताना फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडलेली चकती) खूण करा, तसाच परत बसवा.

— तीन कपांतनं आलं, चौथा कोरडाच! भुकटी पण आहे. उद्या मिरजेहून क्रॉस आणतो. हळदीची पोती तोवर अंगणात.