मदत हवी आहे: विंडोज ११ वर कंपाइल केलेला प्रोग्राम एक्सपीवर उघडत नाही (वजनकाटा, कॉम पोर्ट)

धोटा_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातला पीसी. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, एक्सपी सर्व्हिस पॅक ३. डिझाइनचं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टच्या डाँगलवर (परवान्याची किल्ली) चालतं, त्यामुळे विंडोज बदलता येत नाही. "नवा पीसी घ्या" हे उत्तर कृपया नको.

सुताच्या पोत्यांचं वजन काट्यावरून कॉम पोर्टच्या आरएस-२३२ केबलने घेऊन फाइलमध्ये लिहायचंय. प्रोग्राम सी मध्ये आहे, जेमतेम २०० ओळी. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर एमएसवायएस२ (कंपायलर देणारा संच) टाकून कंपाइल केला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवला, तिथे चालतो. एक्सपीवर मात्र "नॉट अ व्हॅलिड विन३२ अ‍ॅप्लिकेशन". दुसऱ्या एका जुन्या ३२ बिट मिनजीडब्ल्यूने (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) केला तर "लिबजीसीसी_एस_डीडब्ल्यू२-१.डीएलएल सापडत नाही". ती फाइल शेजारी ठेवली, तर आता "गेटटिककाउंट६४ हा एंट्री पॉइंट कर्नल३२.डीएलएलमध्ये नाही". फुकटातला कुठला कंपायलर एक्सपीला चालतो?

कडक_भाकरी:
व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ कम्युनिटी फुकट आहे की ओ. तेच टाका.

शून्य_एक:
नुसतं टाकून भागणार नाही. त्याचा नेहमीचा टूलसेट (कंपायलर-लिंकरचा संच) व्ही१४३ आहे, त्याची एक्झी (तयार प्रोग्रामची फाइल) एक्सपी उघडतच नाही. इन्स्टॉलरमध्ये 'इंडिव्हिज्युअल कंपोनंट्स'मध्ये जाऊन "सी++ विंडोज एक्सपी सपोर्ट फॉर व्हीएस २०१७ (व्ही१४१) टूल्स" शोधा. पुढे 'डेप्रिकेटेड' लिहिलंय, घाबरू नका. मग प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीत टूलसेट व्ही१४१_एक्सपी, प्लॅटफॉर्म विन३२ आणि रनटाइम लायब्ररी /एमटी, म्हणजे एक्सपीवर वेगळं रीडिस्ट्रिब्युटेबल (रनटाइमच्या फाइलींचा इन्स्टॉलर) लागत नाही. पेंटियम ३ किंवा अ‍ॅथलॉन एक्सपी असेल तर /आर्क:आयए३२ पण द्या, कारण हा कंपायलर एसएसई२ (प्रोसेसरमधल्या जादा सूचना) गृहीत धरतो आणि त्या चिपमध्ये ते नाही. तुमच्या पेंटियम ४ ला अडचण नाही.

पण २०० ओळींसाठी काही जीबी उतरवणं म्हणजे एका रुमालासाठी अख्खा बीम भरण्यासारखं आहे.

(इथे देवनागरीच चालते म्हणून नावं उच्चारली तशी लिहितोय. टाइप करताना मूळ स्पेलिंग घ्या.)

तुमच्या तिन्ही एरर एकाच रोगाच्या नाहीत, म्हणून एकेक पाहू.

पहिली: एमएसवायएस२ आपण होऊन यूसीआरटी६४ देतं, म्हणजे ६४ बिट एक्झी. ३२ बिट एक्सपीला ती कळतच नाही. खात्री करायची तर लॅपटॉपवर 'ऑब्जडंप -पी' (एक्झीच्या आतली माहिती दाखवणारी कमांड) चालवून बघा. पहिल्याच ओळीत 'पीईआय-एक्स८६-६४' दिसलं तर ६४ बिट, 'पीईआय-आय३८६' हवं. तिथेच खाली मेजर सबसिस्टिम व्हर्जन असतं. ते ५ किंवा कमी पाहिजे. ६ असेल तर ३२ बिट एक्झीलासुद्धा एक्सपी हाच मेसेज देतं. जीसीसीचा लिंकर ३२ बिटला मुळातच ४ लिहितो. मायक्रोसॉफ्टचा ६ लिहितो, त्याला ५.०१ सांगावं लागतं. एक्सपीचा टूलसेट निवडला की ते आपोआप होतं.

दुसरी: लिंक करताना '-स्टॅटिक' द्या. डीएलएल शेजारी ठेवायची गरजच उरत नाही. एक्झी थोडी फुगते, फुगू दे.

तिसरी खरी तुमच्या कोडमधली आहे. गेटटिककाउंट६४ विस्टापासून आलं. साधं गेटटिककाउंट वापरा. ते ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं, पण फरक 'आत्ता वजा आधी' असा डीवर्डमध्येच (३२ बिटचा बिनचिन्ह आकडा) काढला तर उलटल्यावरही बरोबर येतो. 'आत्ता > आधी + ५०००' अशी तुलना केलीत तर मात्र त्या दिवशी गोंधळ होईल. शिवाय सगळ्या इन्क्लूडच्या आधी _विन३२_विनएनटी ची किंमत ०एक्स०५०१ डिफाइन करा. मग विस्टानंतरची फंक्शन्स हेडरमधूनच गायब होतात आणि चूक एक्सपीवर न कळता लॅपटॉपवरच कळते.

कंपायलर म्हणून डब्ल्यू६४डेव्हकिटची एक्स८६ (३२ बिट) फाइल घ्या, एक्स६४ नको. इन्स्टॉल काही नाही, फोल्डर उलगडायचा आणि आतली एक्झी चालवायची. ती जुनी एमएसव्हीसीआरटी (सी ची रनटाइम लायब्ररी) वापरते, जी एक्सपीत आधीपासून असते. नव्या मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ चा डीफॉल्ट यूसीआरटी आहे, तो एक्सपीत मुळात नसतो.

जुना_माल:
दोन किरकोळ गोष्टी, पण यातच दिवस जातो. विंडोज ११ वर मोठा पेनड्राइव्ह फॉरमॅट केला तर तो बहुधा एक्सफॅट होतो आणि अपडेटशिवाय एक्सपी तो वाचत नाही. फॅट३२ ठेवा. नेटवर्कवरून शेअर करायच्या भानगडीत पडू नका, एक्सपीला एसएमबी१ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) लागतं आणि नव्या विंडोजमध्ये ते बंद असतं, बंदच बरं. आणि डिपेंडन्सी वॉकर (एक्झीला कुठल्या डीएलएल लागतात ते दाखवणारं टूल) वापरणार असाल तर एक्सपीवरच चालवा. विंडोज १० किंवा ११ वर तो नसलेल्या फाइलींची लांबलचक यादी दाखवून उगाच घाबरवतो.

कडक_भाकरी:
आमच्याकडं याहून जुनं आहे बघा, नुसता डॉस, ३८६. त्याला काय?

जुना_माल:
ओपन वॉटकॉम कंपायलर. 'डब्ल्यूसीएल -बीटी=डॉस -एमएस'. कोड ६४ केबी आणि डेटा ६४ केबीत बसला पाहिजे. जास्त लागलं तर डीजेजीपीपी कंपायलर, पण त्याला एक्झीशेजारी सीडब्ल्यूएसडीपीएमआय.एक्झी ठेवावी लागते, ती डीपीएमआय म्हणजे डॉसमध्ये जास्त मेमरी वापरायची सोय देते. विंडोज ९८ च्या डॉस खिडकीत तिच्याशिवाय चालतं आणि शुद्ध डॉसवर "नो डीपीएमआय" येतं, कारण ९८ ती सोय स्वतः पुरवतं. ६४ बिट विंडोजवर डॉसची एक्झी चालत नाही, चाचणीला डॉसबॉक्स घ्या.

धोटा_सोलापूर:
शून्य_एक, प्रोग्राम उघडला! डब्ल्यू६४डेव्हकिट, -स्टॅटिक, गेटटिककाउंट. आता नवीनच. काट्यावर ३५.६० असेल तर स्क्रीनवर बरोबर ३५.६० येतं. पुढच्या पोत्याला ४७.२८ होतं, तर टिंब सोडून सगळ्या जागी रेघा आणि ठिपक्यांचा ठोकळा. केबल बदलून पाहिली. सेटिंग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही.

शून्य_एक:
केबल ठीक आहे आणि ९६०० सुद्धा बरोबर आहे, नाहीतर ३५.६० आलंच नसतं. काटा ७ बिट, सम पॅरिटीवर आहे. तुम्ही ८ बिट वाचताय, त्यामुळे पॅरिटीचा बिट (१ ची एकूण संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला) आठवा बिट म्हणून अक्षरात घुसतो. ०, ३, ५, ६, ९ आणि टिंब यांच्या कोडमध्ये १ ची संख्या सम आहे, तिथे तो बिट शून्य, म्हणून ती नीट दिसतात. १, २, ४, ७, ८ मध्ये विषम आहे, तिथे तो १ होतो आणि अक्षर बदलतं. तुमची दोन्ही पोती याला अचूक साक्ष देतात. डीसीबीमध्ये (पोर्टच्या सेटिंगचं स्ट्रक्चर) बाइटसाइझ ७, पॅरिटी ईव्हनपॅरिटी, एफपॅरिटी ट्रू करा. आणि सेटकॉमटाइमआउट्स द्यायला विसरू नका, नाहीतर काटा बंद केला की रीडफाइल (पोर्टवरून वाचणारं फंक्शन) तिथेच बसून राहील.

धोटा_सोलापूर:
४७.२८ आलं. टाइमआउट १००० ठेवलाय. काटा बंद केला तर रीडफाइल शून्य बाइट घेऊन परत येतं, प्रोग्राम अडकत नाही. धाग्याला 'सुटला' लावतो.