'एफ-रूट्स' मासिकाचा इतिहास

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): काकांच्या संग्रहात 'फोक रूट्स' या इंग्रजी मासिकाचे काही अंक सापडले, पिना गंजल्या आहेत, पण समासात काकांनी शाईने केलेल्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. या मासिकाचा इतिहास जाणकारांनी कृपया सांगावा.

उत्तर १: संगीतकार इयन अँडरसन यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये १९७९ साली ते 'सदर्न रॅग' या नावाने त्रैमासिक म्हणून निघाले, १९८५ मध्ये 'फोक रूट्स' झाले आणि नव्वदच्या दशकाअखेरीस 'एफ-रूट्स'. इंग्रजी लोकगीतांइतक्याच आस्थेने आफ्रिकेतील वादकांविषयी लिहिणे, हे मला त्याचे सर्वांत मोठे काम वाटते.

उत्तर २: एक भर घालतो. दूरदेशीच्या ध्वनिमुद्रिका कोणत्या कप्प्यात ठेवाव्यात हे दुकानदारांना उमगत नसे, म्हणून १९८७ मध्ये छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची मंडळी लंडनमधील एका पबमध्ये जमली आणि त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव मुक्रर केले. त्या बैठकीत अँडरसनही होते.

उत्तर ३: पुढे पैशांची ओढाताण वाढली. वाचकांनी २०१७ मध्ये वर्गणी जमवली, मासिक पुन्हा त्रैमासिक झाले, तरी २०१९ मध्ये ते थांबलेच. ताई, गंजलेल्या पिना काढून ते अंक दोऱ्याने शिवून घ्या. काकांच्या खुणांसह ते जपले जावेत.