अनुभव धागा: ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ म्हणणारा प्रिंटर

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं फॉर्म भरायचं आणि प्रिंट काढायचं दुकान आहे. जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू झाले, दारात पोरं आणि त्यांचे आईवडील उभे, आणि प्रिंटरवर ओळ आली: कार्ट्रिज ओळखता येत नाही. शाई होती. सकाळीच चाळीसेक पानं काढली होती. काढून परत बसवलं, बंद-चालू केलं, शेवटी पोराला पाठवून नवीन मागवलं. नऊशे रुपये गेले आणि नव्यालाही तीच ओळ. तेव्हा कुठं मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. कार्ट्रिज जिथं टेकतं तिथं बारीक पिवळ्या पिनांची रांग असते. त्यातल्या खालच्या दोन पिनांवर वाळलेल्या शाईचा थेंब बसला होता, खसखशीएवढा. प्रिंटरची वायर काढली, चष्मा पुसायचं फडकं किंचित ओलं करून तो थेंब टिपला, दहा मिनिटं वाळू दिलं. जुनंच कार्ट्रिज चालू झालं.

त्याआधीच्या वर्षी मी दोन भरलेली कार्ट्रिजं ‘गेली’ म्हणून कचऱ्यात टाकली होती. तीही बहुतेक चांगलीच असणार. हे फार लागलं मनाला. म्हणून विचारते, तुमच्याकडं हे झालंय का? काय केलं, कशानं सुटलं? सुटलं नसेल तर तेही लिहा.

शिरोली एमआयडीसी
आमचं ऑफिस फौंड्रीला लागून. दार लावलं तरी वाळू आणि लोखंडाची बारीक धूळ आत येतीच. दर दीड-दोन महिन्यानं प्रिंटर अडायचा. कार्ट्रिजच्या पाठीची तांब्याची पट्टी पुसली की फडक्यावर काळं चमकतंय. आता रात्री जाताना प्रिंटरवर कापड टाकतोय. एक सांगतो, फुंकर मारू नका भावांनो. तोंडातली ओल उडती आणि धूळ तिथंच चिकटून बसती.

शाहूपुरी, प्रिंटर दुरुस्ती
ताई, दुकानात आलेल्या प्रिंटरला मी पहिल्यांदा तेच करतो जे तुम्ही केलंत. प्रिंटर कार्ट्रिजला ओळखतो तो शाईवरनं नव्हे, विजेवरनं. प्रिंटरची पिन आणि कार्ट्रिजच्या पट्टीवरचा तांब्याचा ठिपका यांची गाठ पडली नाही की त्याच्या लेखी कार्ट्रिज तिथं नाहीच.

पण यात दोन जाती आहेत. घरगुती प्रिंटरांत पुष्कळदा एक काळं आणि एक रंगीत अशी दोनच कार्ट्रिजं असतात. शाई उडवणारं हेड त्यांच्या अंगावरच असतं. दुसऱ्या जातीत प्रत्येक रंगाचं वेगळं कार्ट्रिज आणि त्याला नखाएवढी चिप. शाई किती उरली याचा हिशेब त्या चिपेत. चिपवाल्याला चिप पुसून बघायची, चिप सरकलीय का बघायचं, तिथं काम बरंचसं संपतं.

पहिल्या जातीचं दुखणं खोल असतं. हेडमध्ये सूक्ष्म तापक असतात, ते शाई क्षणात तापवून थेंब उडवतात. शाई संपल्यावरही पानं काढत राहिलं की तापकांना गार ठेवायला काही उरत नाही आणि ते जळतात. मग प्रिंटर तपासतो तेव्हा सर्किट तुटलेलं सापडतं. असलं कार्ट्रिज कितीही पुसा, शाई भरा, परत येत नाही. मला वाईट वाटतं ते याचंच, कारण हे टाळता येतं. रिफिल करणाऱ्यांनी पान फिकं पडायला लागलं की तिथंच थांबायचं, ‘अजून दोनच पानं’ म्हणायचं नाही.

दोष कुणाचा हे बघायला नवीन विकत घेऊ नका. ओळखीच्याकडनं त्याच नंबरचं चालू कार्ट्रिज पाच मिनिटं मागून लावा. तेही ओळखलं नाही तर दोष प्रिंटरच्या पिनांत. आणि नुसतं रंगीत अडलं असेल तर काही प्रिंटर ते काढून ठेवल्यावर एकट्या काळ्यावर चालतात. फॉर्मच्या गर्दीत तेवढ्यावर दिवस निघतो.

पुसायला डिस्टिल्ड वॉटर आणि तंतू न सुटणारं फडकं. नळाच्या पाण्यातले क्षार मागं राहतात. शाई जिथनं उडते ती बाजू घासू नका.

शिवाजी विद्यापीठ, हॉस्टेल
माझ्याकडं तर नव्या कार्ट्रिजची टेपच काढायची राहिली होती! ठिपक्यांवर पारदर्शक पट्टी होती, दिसलीच नाही. प्रबंधाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

रंकाळा
मुलगा अमेरिकेतून येताना कार्ट्रिजं घेऊन आला. नंबर सारखा वाटला, खाच्यात नीट बसली, तरी आमचा इथला प्रिंटर ओळखेना. काही कंपन्या कार्ट्रिज त्या-त्या प्रदेशापुरतं बांधून ठेवतात, हे तेव्हा कळलं. परदेशातून प्रेमानं काही आणायचं असेल तर दुसरं आणायला सांगा.

लक्ष्मीपुरी, टॅक्सचं काम
दुसऱ्या कंपनीची स्वस्त कार्ट्रिजं वर्षभर उत्तम चालली. प्रिंटरनं आपोआप अपडेट घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी नापास. जुलैची मुदत तोंडावर. पुसून काही उपयोग नव्हता, कारण बिघाड नव्हताच, मनाई होती. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत काय घालायचं हे विकणाऱ्यानं नंतर ठरवावं, हे मला पटत नाही. आता अपडेट आपोआप घ्यायचं बंद करून ठेवलंय.

शाहूपुरी, प्रिंटर दुरुस्ती
२०१६ च्या सप्टेंबरात एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी परकी कार्ट्रिजं अशीच नाकारली होती. ओरड झाल्यावर कंपनीनं ती अट काढणारं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं. उलटंही घडलंय. २०२२ च्या सुरुवातीला चिपांची टंचाई होती तेव्हा कॅनननं युरोपात चिप नसलेले टोनर (लेझर प्रिंटरची पूडवाली कार्ट्रिजं) विकले, आणि इशारा आला तर तो बाजूला सारून छपाई कशी करायची हे स्वतःच सांगितलं.

सीपीआर दवाखान्यासमोर, टायपिंग
हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं इथं टायपिंगचं काम वाढलंय, मी दोन प्रिंटर ठेवलेत. एकाचं अर्धं वापरलेलं कार्ट्रिज दुसऱ्यात घातलं तर ‘हे दुसऱ्या प्रिंटरसाठी राखीव आहे’. पहिल्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कार्ट्रिज संरक्षण चालू होतं. ते आता बंद केलंय, पण एकदा बांधलं गेलेलं कार्ट्रिज सुटत नाही, त्याच प्रिंटरात संपवावं लागतं. नवा प्रिंटर घेतला की हे आधी बघा.

कुंभार गल्ली
पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की आम्ही बोजा बांधायला घेतो, ४३ ला धोका. २०२१ च्या जुलैत प्रिंटर डोक्यावरनं वरच्या मजल्यावर नेला, पाण्याचा थेंब लागला नाही त्याला. पण गाळ काढून घर लागेपर्यंत महिना गेला. सुरू केला तर दोन्ही कार्ट्रिजं ओळखेना, सगळीकडं ओल, पट्टीवर हिरवट पूड धरलेली. काळं पुसून आलं. रंगीत नाही आलं. तीन वेळा पुसलं, नंतर ठिपकाच उचकटला. त्या वेळी घरात एवढं काही गेलं होतं, तरी त्या ठिपक्याकडं बघत बराच वेळ बसलो होतो.

राजारामपुरी
सगळं वाचतेय. कपाटात अजून एक ‘गेलेलं’ कार्ट्रिज ठेवलंय, आज दुकान बंद करून बघते. डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमध्ये मिळालं नाही, कुठं मिळेल?

शिरोली एमआयडीसी
बॅटरीवाल्याकडं जावा ताई. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालत्यात तेच.