शिकागोची कमान वाचली, पण इमारत वाचली का?

जुनंतेसोनं:
शिकागोत ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुरचनाकारांनी १८९४ मध्ये उभारलेली स्टॉक एक्स्चेंजची तेरा मजली इमारत १९७२ मध्ये पाडली आणि तिथे ऑफिसांचा टॉवर आला. दारावरची कमान आणि सौद्यांचं दालन आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाकडे गेलं. ‘निदान एवढं तरी वाचलं’ ही मला निव्वळ मनाची समजूत वाटते. शेजारी हेराल्ड वृत्तपत्राचा छापखाना होता. पाइल, म्हणजे पायाचे खांब, जमिनीत ठोकले असते तर यंत्रं हादरली असती, म्हणून त्या बाजूला विहिरीसारखे खड्डे खणून पाया भरला. शिकागोत हे तेव्हा नवं होतं. ही अक्कल कुठल्या दालनात मांडणार?

हिशेबी:
पाया बघायला कोण जात होतं हो? खुद्द एक्स्चेंजनंच १९०८ मध्ये तिथून गाशा गुंडाळला होता. ऐन मोक्याची जागा, तिथे तेरा मजल्यांवर मालकाचं कसं भागणार? नगरपरिषदेनंही वारसा दर्जा नाकारला. वारसा सगळ्यांचा आणि भुर्दंड एकट्याला, हा कुठला न्याय?

ओळंबा:
दालनाला नावं ठेवू नका. स्टेन्सिलची नक्षी, प्लास्टरचं काम, रंगीत काच, सगळं पाडकाम चालू असताना काढलं. छायाचित्रकार रिचर्ड निकेल तेच करायला आत गेले आणि एप्रिल १९७२ मध्ये ढिगाऱ्याखाली गेले. मृतदेह मिळायला मे उजाडला.

जुनंतेसोनं:
निकेल यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांचीही पहिली मागणी ‘पाडू नका’ हीच होती ना? आणि हिशेबी, भुर्दंडावर तोड होती. न्यूयॉर्कनं वारसा इमारतीवरचे न वापरलेले बांधकाम हक्क (आणखी मजले चढवायचे) मालकाला जवळच्या जागेला विकू दिले. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर नाकारला तेव्हा मालक कोर्टात गेले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. स्टेशन आजही उभं आहे, गाड्या येतात-जातात.

हिशेबी:
हक्क विकायला गिऱ्हाईक लागतं. मंदीत कोण घेतो? आणि घेतलेच तर गर्दी शेजारच्या गल्लीत सरकते, एवढंच. मग काय, करदात्यांनी इमारती विकत घेत सुटायचं?

जुनंतेसोनं:
सगळ्या नाही, अशी एखादी. त्या जागेला भाव आला तो रस्ते, पाणी यांमुळे, आणि ते करदात्यांनीच केलं. तो नफा खिशात घालताना मालकाला करदाते आठवले नव्हते.