जर्मनीत नोकरी: आरोग्य विमा पब्लिक घ्यावा की प्रायव्हेट?

प्रश्न (पुण्याहून स्टुटगार्टकडे)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरपासून मी स्टुटगार्टमध्ये नोकरीवर रुजू होत आहे. वय ३६, वार्षिक पगार ७८,००० युरो. पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी सोबत येणार असून भाषा येईपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर, पत्नी नोकरी करणार नाही. रक्तदाबाची एक गोळी मला रोज घ्यावी लागते. एका विमा एजंटाने प्रायव्हेट विम्याचा जो आकडा पाठवला आहे, तो पब्लिक विम्याच्या हप्त्यापेक्षा बराच कमी दिसतो. पण त्या कागदावर नाव फक्त माझेच आहे. तिथे काही वर्षे काढलेल्यांनी कृपया सांगावे की निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, आणि पुण्यातील आमची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच) आरोग्य पॉलिसी बंद करावी का?

उत्तर १ (नेकारकाठचा)

एजंटाच्या कागदावर एकच नाव आहे, हे तुमच्या लक्षात आले तिथेच अर्धे उत्तर मिळाले आहे. प्रायव्हेटमध्ये माणशी वेगळा हप्ता असतो आणि तो पगारावर नव्हे, तर विमा घेतानाचे वय आणि प्रकृती यांवर ठरतो. पब्लिकमध्ये हप्ता पगाराच्या टक्केवारीने कापला जातो, आणि उत्पन्न नसलेली पत्नी व मूल त्याच हप्त्यात, एक सेंटही जास्त न भरता, विमाधारक होतात.

२०२५ चे आकडे असे होते. मूळ दर १४.६ टक्के आणि त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा स्वतःचा जादा दर, जो सरासरी २.५ टक्के धरला होता. यातला अर्धा भार नोकरी देणारी कंपनी उचलते. ही टक्केवारी वार्षिक ६६,१५० युरोपर्यंतच्या पगारावरच लागत होती, त्यामुळे त्या हिशोबाने तुमच्या वाट्याला महिना साधारण ४७१ युरो आले असते. शुश्रूषा विम्याचे (म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या देखभालीसाठीच्या विम्याचे) पैसे वेगळे कापले जातात. प्रायव्हेटचा आकडा मागवायचाच असेल, तर तिघांचा मागवा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.

आता घाईची गोष्ट. ठरावीक मर्यादेहून (२०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती) अधिक पगार असणाऱ्याला पब्लिक विमा सक्तीचा नाही, म्हणजेच तो तुम्हाला आपोआप लागू होणार नाही. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला स्वेच्छेने पब्लिकमध्ये शिरता येते, मात्र त्यासाठी रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. घर शोधण्याच्या धांदलीत ही मुदत निसटते, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज देऊन मोकळे व्हा.

उत्तर २ (म्युनिकचा जुना भाडेकरू)

मी एकटा असताना, तिशीच्या आत, प्रायव्हेट घेतला होता आणि त्या काळात मला तो मानवला, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मला त्याच आठवड्यात मिळे, तर पब्लिकवाल्या सहकाऱ्याला तीच वेळ दोन महिन्यांनंतरची मिळाली होती. दुखणे सुरू झाले ते लग्नानंतर, कारण पत्नीचा हप्ता वेगळा आणि पुढे बाळाचाही वेगळा. शिवाय डॉक्टरांचे बिल टपालाने घरी येते, ते आधी आपण भरायचे आणि मग विमा कंपनीकडे पाठवून परतावा मागायचा. बिलातल्या प्रत्येक तपासणीपुढे एक क्रमांक आणि बहुतेक वेळा २.३ हा गुणक छापलेला असतो. सरकारी दरपत्रकातील मूळ दराच्या किती पट बिल लावले ते हा गुणक सांगतो, हे कळायला मला वर्ष लागले. पब्लिकमध्ये दर तिमाहीला एकदा विम्याचे कार्ड डॉक्टरांकडच्या यंत्रात घातले की काम भागते.

तुमच्या रक्तदाबाविषयी प्रायव्हेट कंपनी अर्जातच विचारील आणि त्यासाठी हप्ता वाढवील किंवा अर्ज नाकारील. काही एजंट ‘ते लिहू नका’ असे सुचवतात; त्यांचे मुळीच ऐकू नका, कारण माहिती दडवल्याचे पुढे उघड झाले तर ऐन आजारपणात कंपनी करारातून अंग काढून घेऊ शकते.

परतीची वाटही अरुंद आहे. पब्लिक विमा ज्या पगारापर्यंत सक्तीचा असतो, त्या मर्यादेखाली पगार आला तर पब्लिकमध्ये परतता येते, पण वयाच्या ५५ नंतर ते दार जवळजवळ बंदच होते.

उत्तर ३ (आई-वडील ठाण्यात)

पुण्यातील पॉलिसीत आई-वडील असतील तर ती अजिबात बंद करू नका. तुमच्या पब्लिक विम्यात पत्नी आणि मूल बसते, आई-वडील बसत नाहीत. ते भेटीला येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांसाठीचा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा वेगळा काढावा लागेल. फक्त तुम्ही तिघेच असाल तरीही मी ती चालू ठेवीन. परतल्यावर नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) नव्याने मोजला जातो, आणि तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो.

आणि दातांची कामे तिकडूनच उरकून या. कॅप किंवा ब्रिजसाठी पब्लिक विमा ठरावीक अनुदानच देतो, उरलेले बिल आपल्यालाच भरावे लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आई-वडील त्याच फ्लोटरमध्ये आहेत, त्यामुळे ती चालू राहील. पब्लिकसाठी अर्ज करतो. त्यात रक्तदाबाची माहिती द्यावी लागेल का?

उत्तर १ (नेकारकाठचा)

नाही, पब्लिकमध्ये प्रवेशासाठी प्रकृती विचारली जात नाही. येताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मात्र चिठ्ठीवर गोळीच्या ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण पुण्यातला ब्रँड इथल्या डॉक्टरांना ठाऊक नसतो. पुढे इथल्या डॉक्टरांनी लिहून दिले की औषधाच्या दुकानात दर पाकिटामागे साधारण ५ ते १० युरो भरावे लागतील.