मदत हवी आहे: बाबांच्या ट्रेकच्या स्लाइड्सवर बुरशी

बाबा जानेवारीत गेले. ऐंशीच्या दशकात पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा घेऊन हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन-कुलंग सगळं पालथं घातलेला माणूस. त्या भटकंतीच्या चारेकशे स्लाइड्स (35 मिमी पारदर्शक फिल्मवरचे फोटो, पुठ्ठ्याच्या चौकटीतले) कपाटात सापडल्या. निम्म्यांवर बुरशीची जाळी आहे. कोकणकड्यावर पालथे पडून खाली डोकावणारे बाबा, हीच स्लाइड सर्वांत खराब. माझ्या मुलीला आजोबांचा नेमका तोच फोटो हवाय.

ब्लोअर आणि मऊ ब्रशने धूळ काढली, डब्यांत सिलिका जेल ठेवलं. पाणी लावलेलं नाही, कारण बुरशीने खाल्लेला जिलेटिनचा थर पाण्याने विरघळू शकतो. घरी स्कॅनरही वापरून पाहिला, पण बहुतेक स्लाइड्स कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) आहेत आणि इन्फ्रारेडने डाग काढायची सोय त्यांवर नीट चालत नाही.

कुरियरने पाठवायची हिंमत नाही. पुण्या-मुंबईत स्वतः घेऊन जाईन. वर्षश्राद्धापर्यंत वेळ आहे.

कोडाक्रोमवरची बुरशी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने घरी पुसलेली चालते का, की आहे तशी स्कॅन करून घेऊन सफाई जाणकाराकडे सोपवावी? आणि असं काम स्वतः करून घेतलेलं कुणी आहे का इथे?