ई. कोलाय: मूत्राशयाला चिकटणारा आणि मूत्रपिंडापर्यंत चढणारा, स्लाइडवर ओळखायचे कसे?

पाषाण_पेट्री: लघवीतून वेगळे केलेले ई. कोलाय जंतूचे दोन नमुने (आयसोलेट) आहेत. एक साध्या मूत्राशयदाहाचा, दुसरा थंडी-ताप आणि कुशीत दुखणाऱ्या पेशंटचा. दोन्ही न्यूट्रिअंट अगारवर (घट्ट माध्यमावर) 37 अंशांना वाढवले. गिनीपिगच्या रक्तपेशींबरोबर एकाचीही गुठळी होत नाही. पिलाय (जंतूचे चिकटायचे केसासारखे धागे) नाहीतच, की पद्धत चुकतेय?

सदाशिव_स्लाइड: आधी अगार सोडा. टाइप 1 पिलायचा (मूत्राशयाला धरणाऱ्या प्रकाराचा) स्विच म्हणजे 314 बेसजोड्यांचा, उलटसुलट फिरणारा डीएनएचा तुकडा. अगारवर तो बहुतेक पेशींत बंद असतो. साधा ब्रॉथ (द्रव माध्यम), न हलवता, 37 अंश, 24 तास. मग त्यातलं थोडं ताज्या ब्रॉथमध्ये, पुन्हा 24 तास. असं दोन-तीनदा. शेकरवर ठेवलंत तर मेहनत पाण्यात. वर साय धरली की बहुधा जमलं. धुताना व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) नको, पिलाय तुटतात.

गिनीपिगचं रक्त संपलं तर रविवार पेठेत बेकरीचं सामान मिळतं तिथलं सुकं यीस्ट घ्या, पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) 1 टक्का. त्याच्या भिंतीतल्या मॅनानला (मॅनोज साखरेच्या साखळीला) पिलायच्या टोकाचं फिमएच हे प्रथिन धरतं. स्लाइड हलकेच डोलवत राहा: ताण पडला की फिमएचची पकड घट्ट होते. लघवीच्या धारेत जंतू मूत्राशयाला कसा टिकतो, तेही यातच आलं. शेजारी 2 टक्के मॅनोजचा थेंब हवाच. सुट्या मॅनोजने फिमएच अडतं, म्हणून तिथे गुठळी विरली पाहिजे.

दुसऱ्या आयसोलेटमध्ये पी पिलाय (मूत्रपिंडाला धरणारे) शोधायचे, त्याला अगार चालेल. माणसाच्या ओ गटाच्या, तीनदा धुतलेल्या रक्तपेशी, 3 टक्के, मॅनोजसह. फक्त डिसेंबरात प्लेट रात्रभर टेबलावर विसरू नका. 25 अंशांच्या खाली पी पिलाय बनणंच थांबतं.

पाषाण_पेट्री: मॅनोज असूनही गुठळी राहिली तर पी पिलाय समजू?

कॉलनी_काउंटर: नका समजू. एस आणि डीआर या इतर गटांचे चिकटेही (पेशीला धरणारी प्रथिनं) मॅनोजला जुमानत नाहीत. पेशींना न्यूरामिनिडेज (पेशीवरचं सियालिक आम्ल कापणारं एन्झाइम) दिल्यावर गुठळी गेली तर एसचा संशय घ्या. पीसाठी पॅपजीचा (पी पिलायच्या टोकाच्या प्रथिनाच्या जनुकाचा) पीसीआर (डीएनए चाचणी) करा, वर्गासकट: मूत्रपिंडदाहाशी जास्त जुळतो तो वर्ग 2, कारण मूत्रपिंडातल्या ग्लोबोसाइड या साखरयुक्त स्निग्धाला तो नेमका बसतो.

आणि रिपोर्टमध्ये 'हा मूत्रपिंडाचा स्ट्रेन' असं लिहू नका. एकाच जंतूत फिम (टाइप 1ची) आणि पॅप (पीची) दोन्ही जनुकं असणं नेहमीचंच. स्लाइडवर दिसतं ते त्या ब्रॉथमध्ये, त्या दिवशी काय चालू होतं तेवढंच.